टेपचं दुसरं टोक

३ ऑक्टोबर, मंगळवार

ही वही वर्कशॉपची. आधीच्या पानांवर ह्यांच्या अक्षरात गाड्यांची कामं लिहिलेली आहेत. शेवटची ओळ एकोणीस जुलैची: ‘गिअरबॉक्स बसला. शाफ्ट आखूड करणे. माप’. पुढे काही नाही. त्या दिवशी मला टेप धरायला हाक मारतील म्हणून मी हात पुसून दारात तयार होते. हाक आली नाही, धपकन आवाज आला. तेव्हापासून ह्यांची उजवी बाजू गेली आणि शब्दही गेले. एक तेवढा उरला, बुधवार. चहा हवा का? बुधवार. दुखतंय का? बुधवार. अडीच महिने आमच्या घरात दुसरा वार उजाडलेला नाही.

लेकीने तिच्या गावातलं एक केंद्र शोधलंय. तिथे दोन बाजू आहेत. पुढच्या बाजूला ज्यांना सांगितलेलं कळतं ते. त्यांच्याकडून व्यायाम करून घेतात, बोलणं शिकवतात आणि चार-सहा महिन्यांनी घरी पाठवतात. मागच्या बाजूला ज्यांना कळत नाही ते. त्यांना स्वच्छ ठेवतात, जेवू घालतात, आणि ते तिथेच राहतात. सोळा तारखेला ह्यांची तपासणी आहे. डॉक्टर म्हणतात, ह्यांना बोललेलं कळत नाही. लेकही तेच म्हणते, फक्त हळू आवाजात.

मी म्हणते, कळतं. चाळीस वर्षं ज्याच्याशी भांडले त्याला कळतंय की नाही हे मला ओळखता येणार नाही?

म्हणून मी ठरवलंय. ह्यांची अर्धी राहिलेली गाडी ह्यांना समोर बसवून पुरी करायची. चौदा तारखेला लेक आणि जावईबापू येतील. त्यांनी डोळ्यांनी बघावं की माणूस आत शाबूत आहे. गाडी दातांच्या डॉक्टरांची, त्यांच्या वडिलांची जुनी. ह्यांनी तिला दुसऱ्या गाडीचं मोठं इंजिन आणि गिअरबॉक्स बसवला. नवा गिअरबॉक्स जुन्यापेक्षा लांब, त्यामुळे गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांना फिरवायला जातो तो लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट, आता तेवढाच आखूड करायला हवा. एवढं एकच काम उरलंय. एक माप घ्यायचं, बस.

५ ऑक्टोबर, गुरुवार

माप घेतलं!

सकाळी ह्यांची चाकाची खुर्ची वर्कशॉपमध्ये आणली. उंबऱ्यावरून चढवताना माझ्या कंबरेने शिव्या घातल्या. गाडी जुलैत होती तशीच आहे, चार लोखंडी घोड्यांवर उचललेली, मागची चाकं हवेत लोंबणारी. मी पोत्यावर पाठ टेकून खाली सरकले. तीस वर्षं मी टेपचं दुसरं टोक धरत आले. हे सगळी तयारी करून हाक मारायचे, मी येऊन टोक धरायचे, हे आकडा ओरडायचे, मी वहीत लिहायचे. आज दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, म्हणून ते चुंबकाने चिकटवलं. गिअरबॉक्सच्या तोंडात सरकणारा तुकडा असतो, तो पूर्ण आत ढकलला आणि तिथून मागच्या जोडापर्यंत मोजलं. एक हजार दोनशे बारा मिलिमीटर. पुन्हा मोजलं, बाराच. तिसऱ्यांदाही बारा. ह्यांना चष्मा लावूनही तीनदा सारखा आकडा यायचा नाही.

बाहेर येऊन मी आकडा ओरडले. हे खूश होतील असं वाटलं होतं. तर डावा पंजा आडवा धरून खाली दाबायला लागले. दाब, दाब, दाब. मी भडकले की हे कायम असाच हात करायचे, शांत हो, बस खाली. मी म्हटलं, “आता मी कुठे चिडलेय? उगाच शांत काय करताय मला?” त्यावर आणखी जोरात. मग मात्र मी खरंच चिडले.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

बोलणं शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. मुलगी चांगली आहे, पण ह्यांना बदकाचं चित्र दाखवते. “काका, बदक कुठंय?” चाळीस वर्षं इंजिनं उघडलेला माणूस तो, त्याने तोंड फिरवलं. बाईंनी कागदावर फुली मारली. मी मनात म्हटलं, अगं, मलाही कोणी बदक विचारलं तर मीही दाखवणार नाही.

पण बाई गेल्यावर मी स्वतः ते चित्र धरून बघितलं. “मला तरी दाखवा,” म्हटलं. नाही दाखवलं.

९ ऑक्टोबर, सोमवार

आजचं लिहू नये असं वाटतंय.

मी एका कागदावर मोठ्या अक्षरात १२१२ लिहून ह्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, “बरोबर आहे ना? तुम्ही हो म्हणा, मग लेथवाल्या भाऊजींना शाफ्ट कापायला सांगते.” हे कितीतरी वेळ आकड्याकडे बघत राहिले. मग नखाने तो खरवडायला लागले. कागद फाटला. मग तेच, पंजा खाली, पंजा खाली. चहाचा कप उडाला. “बुधवार! बुधवार!” मानेच्या शिरा ताठ झाल्या. मी दोन्ही हात धरून ठेवले, तेव्हा कुठे थांबले आणि रडायला लागले. ह्यांना रडताना मी आयुष्यात दोनदा पाहिलंय, आणि आज तिसऱ्यांदा.

पुसायला बसले तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं की डॉक्टर बरोबर असतील. लहान मूल हातातला कागद फाडतं, तसंच असेल हे. त्यात मीच अर्थ भरत बसलेय.

लगेच स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली. पण आलं ते आलं.

११ ऑक्टोबर

आज खरोखरच बुधवार. सकाळी ह्यांना तसं सांगितलं, “आज तुमचं बरोबर आहे हो.” हसले. अगदी पूर्वीसारखे, एका बाजूने.

संध्याकाळी बाथरूममध्ये पडले. मला उचलता येईना. काखेत हात घालून ओढलं तर मीच बसले. दोघं ओल्या फरशीवर पाऊण तास. शेवटी लेथवाले भाऊजी आले. ह्यांचे जुने मित्र, दोन गल्ल्या सोडून त्यांचा लेथ आहे, लोखंड कापायचं यंत्र. त्यांनी उचललं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊजींकडे शाफ्ट नेऊन दिला. ते म्हणाले, “वहिनी, त्यांनी माप बघितलं का?”

मी सांगितलं, “बघितलं.” बघितलं तर होतंच.

“नाही, म्हणजे मी आकडा कापतो. तुम्ही द्याल तो कापणार. मोकळीक किती, काय किती, तो ज्याचा त्याचा हिशोब. त्यांच्या कामात मी कधी नाक खुपसलं नाही. नंतर माझ्या नावाने बोंब नको.”

“तीन वेळा मोजलंय, भाऊजी.”

“मग झालं तर.”

१५ ऑक्टोबर, रविवार

काल लेक आणि जावईबापू आले. आज सकाळी मी सगळ्यांना वर्कशॉपमध्ये नेलं. लेकीला म्हटलं, “तू नुसतं बघ. मी खाली जाऊन माप सांगते आणि बाबा कसे ऐकतात ते बघ.” जावईबापू दारात खिशात हात घालून उभे. उंटावरून शेळ्या हाकायची त्यांना सवयच आहे.

मी गाडीखाली सरकले, टेप लावला, आकडा वाचला. बाहेर हे काहीतरी करत होते. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग चाकांवर सरकणारा जॅक फरशीवरून घासत आल्याचा. मला वाटलं जावईबापूंनी हलवला असेल. तेवढ्यात माझ्या डोक्यावरची गाडी कुरकुरली आणि मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा आडवा धुरा हळूहळू वर जायला लागला. लेक किंचाळली. जावईबापूंनी माझे पाय धरून मला फरफटत बाहेर ओढलं.

ह्यांनी डाव्या पायाने खुर्ची रेटत नेऊन मागच्या धुऱ्याखाली जॅक सरकवला होता आणि डाव्या हाताने त्याचा लांब दांडा हापसत होते. जावईबापूंनी हात धरला तर त्यांना ढकललं. माझ्याकडे बघून हसायला लागले. होय, हसायला! मग माझं तोंड बघून थांबले.

लेक म्हणाली, “आई, तू खाली होतीस. तू खाली होतीस आणि त्यांना ते कळलं नाही.”

शितावरून भाताची परीक्षा, पण हे शीत केवढं मोठं.

दुपारी जावईबापूंनी मला चहा करून दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. साखर घालायची विसरले. म्हणाले, “आई, तुमची हार नाहीये ही.” मी तो चहा तसाच प्यायले.

१६ ऑक्टोबर, सोमवार

तपासणी झाली. तीन गोष्टी करायला सांगितल्या. डोळे मिटा, ते केलं. खिडकीकडे बोट दाखवा, दाखवलं नाही. चावी उचलून बशीत ठेवा. चावी उचलली, उलटसुलट करून बघितली आणि परत होती तिथेच ठेवली. लेकीने जॅकचंही सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं.

मागची बाजू. मी सही केली.

१८ ऑक्टोबर, बुधवार

खोटं कशाला लिहू, काल मी सलग नऊ तास झोपले. उठले तेव्हा कंबर दुखत नव्हती. स्वयंपाकघरात उभी राहून गरम चहा गरम असताना प्यायले. मग आठवलं आणि कप ठेवून दिला.

मुकी बिचारी, कुणीही हाका. मीच हाकलं.

२३ ऑक्टोबर, सोमवार

भाऊजी शाफ्ट घेऊन आले. मी म्हटलं होतं, राहू दे आता, कोणासाठी? पण दातांचे डॉक्टर भले माणूस, त्यांची गाडी किती दिवस अडकवायची. भाऊजींनी खाली जाऊन बसवला. काय सुरेख बसला! पुढचा तुकडा आत शेवटापर्यंत, मागचे चारही बोल्ट पटापट. मिलिमीटरचाही फरक नाही.

भाऊजी म्हणाले, “वहिनी, तुम्ही मिस्त्रीच झालात की.”

मी हसले. आत जाऊन भरपूर रडले. माझं माप बरोबर निघालं, आणि ह्यांनी ते फाडलं होतं. म्हणजे ह्यांना खरंच कळत नव्हतं. ह्याहून मोठा पुरावा काय हवा?

२६ ऑक्टोबर, गुरुवार

आजचं लिहून ठेवायलाच हवं.

आज भाऊजी गाडी खाली उतरवायला आले. मागची बाजू जॅकवर घेतली, घोडे काढले, हळूहळू सोडायला लागले. चाकं जमिनीला लागली, गाडीचं वजन त्यांच्यावर येऊ लागलं, आणि पोटातून कट्ट असा आवाज आला. भाऊजींनी जॅक जागच्या जागी थांबवला. टॉर्च घेऊन खाली वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

“वहिनी, शाफ्ट लांब झालाय. गिअरबॉक्सच्या आत रुततोय. आणखी सोडली असती तर गिअरबॉक्स फुटला असता.”

“असं कसं? परवा तर बसला होता.”

“माप घेतलं तेव्हा चाकं कुठे होती?”

“हवेत. जशी होती तशी.”

भाऊजींनी कपाळावर हात मारला. “अहो, हवेत असलं की मागचा धुरा खाली लोंबतो. अंतर वाढतं. माप वजन टाकून घ्यायचं असतं. गाडी अशी खाली दाबली गेली पाहिजे.” आणि त्यांनी डावा पंजा आडवा धरून खाली दाबला. दाब, दाब, दाब.

मी तिथेच खाली बसले.

भाऊजींना वाटलं मी शाफ्टसाठी एवढी हादरले. ते समजूत घालत राहिले, की फार काही बिघडलं नाही, अजून थोडा कापता येईल. “नाहीतर गाडी खाली न उतरवताही जमतं. धुऱ्याखाली जॅक द्यायचा आणि वर घ्यायचा, वजन आलं की मोजायचं. तुमच्या घरातल्या मिस्त्रीची तीच पद्धत होती. तुम्ही टेप धरायचात ना? तुम्हाला माहीत नाही?”

नव्हतं माहीत. मला कायम तयारी झाल्यावर हाक यायची.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

लेकीला फोन केला. सगळं सांगितलं, पंजा, फाडलेला आकडा, जॅक. ती म्हणाली, “आई, बाबा अडीच महिने सगळ्यालाच हात दाबून दाखवायचे. तुला आता तसं दिसतंय, कारण तुला तसं हवंय.”

तसंच असेल का? मी अख्खी सकाळ आठवत बसले, ह्यांनी चहासाठी कधी पंजा दाबला होता का. जेवताना? आंघोळीच्या वेळी? आठवत नाही. कधी वाटतं दाबला होता. आता मला माझ्या आठवणीचाही भरवसा राहिला नाही.

दुपारी भाऊजींनी शाफ्ट काढून गाडी पूर्ण खाली घेतली. सगळं वजन चाकांवर. जेमतेम अंग सरकेल एवढी जागा, तरी मी खाली गेले. पुढचा तुकडा पूर्ण आत ढकलून मोजलं. अकराशे पंच्याण्णव. सतरा मिलिमीटरचा फरक. भाऊजी म्हणाले, “द्या, कापतो.” मी म्हटलं, “थांबा. उद्या नाही, परवा.”

२८ ऑक्टोबर, शनिवार

पहिल्या गाडीने केंद्रावर गेले. मागच्या बाजूला लांब खोली आहे, आठ पलंग, हिरवे पडदे. स्वच्छ आहे. कोणी बोलत नाही. हे खिडकीपाशी खुर्चीत होते, दुसऱ्याच कोणाचा तरी स्वेटर घातलेला. दाढी केलेली होती, पण हनुवटीखाली राहिली होती. मला बघून बुधवारही म्हणाले नाहीत. पंधरा दिवसही झाले नाहीत आणि हे गप्प झाले.

मी शेजारी बसले. लहान मुलाशी बोलतात तसं न बोलता, वर्कशॉपमध्ये बोलायचे तसं बोलले. “ऐका. माझी चूक झाली. चाकं हवेत होती. शाफ्ट लांब झाला, गिअरबॉक्समध्ये रुतला. आता गाडी जमिनीवर उतरवून, वजन टाकून माप घेतलंय.” आणि कागद मांडीवर ठेवला. ११९५.

हे हलले नाहीत. मला वाटलं, लेक म्हणते तेच खरं. मग ह्यांनी आकड्याकडे बघितलं. डावा हात वर आला, माझ्या पर्सकडे गेला. पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात पेन्सिल होती, वर्कशॉपचीच, टोक चपटं केलेली. ती ओढून काढली. डावा हात लिहायचा नाही, पेन्सिल घसरत होती, घाम आला होता. आकड्याखाली एक आडवी रेघ काढली. रेघेपुढे २०. खाली आणखी एक रेघ. तिच्याखाली ११७५. मग पेन्सिल माझ्या हातात दिली आणि पाठ टेकून डोळे मिटले, काम झाल्यावर टेकायचे तसे.

मला काही कळेना. वीस कशाचे? व्हरांड्यात जाऊन भाऊजींना फोन लावला. आकडा सांगितला. पलीकडे लेथ चालू होता, तो बंद झाला.

“वीस सोडायचे असतात, वहिनी. शाफ्ट पूर्ण आत घालून ठेवत नाहीत. गाडी खड्ड्यात आपटली की त्याला पुढे सरकायला जागा लागते. मी कालच विचारायला हवं होतं.” मग म्हणाले, “हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

मी कागद घेऊन ऑफिसात धावले. तिथल्या बाईंनी नीट बघितला, मानही हलवली. म्हणाल्या, आकडे कधीकधी मेंदूत वेगळ्या जागी राहतात, चांगली गोष्ट आहे, फाइलला लावून ठेवते. पुढच्या बाजूला एकही जागा रिकामी नाही. पुढची तपासणी एप्रिलमध्ये. “घरी न्यायचं असेल तर आजही नेऊ शकता,” म्हणाल्या. “उचलायला कोण आहे तुमच्याकडे?” मी म्हटलं, “कोणी नाही.”

परत येऊन ह्यांच्याजवळ बसले. म्हणजे ह्यांना सगळं कळतं. पहिल्या दिवसापासून कळत होतं. सोळा तारखेचं एक मी त्या दिवशी लिहिलं नव्हतं, कारण मला तेव्हा ते काहीच वाटलं नव्हतं. सही करताना माझं पेन चालेना. मी दोन-तीनदा कागदावर ओढून बघितलं. हे समोर खुर्चीत होते. त्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं, दातांनी टोपण उघडलं आणि माझ्यापुढे धरलं.